आयुष्यभर बॉल बाहेर काढणाऱ्यानं पोरांना काय शिकवायचं?

नमस्कार सर,

मी कोल्हापूरचा, वय 31. शाळा सुटल्यापासून पेठेच्या फुटबॉल संघातून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळतोय. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, परत उभा राहिलो. यंदा शाहू स्टेडियमवर भर मॅचमध्ये त्याच गुडघ्यानं पुन्हा दगा दिला. डॉक्टर म्हणतात, चालाय-फिराय काही अडचण नाही, पण खेळायचं तर परत ऑपरेशन. मंडळातली मोठी माणसं म्हणतात, आता पंधरा वर्षांखालच्या पोरांना तू शिकव. त्यातच पुण्याच्या एका अकादमीतून असिस्टंट कोच म्हणून विचारणा आली आहे. पगार माझ्या आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून थोडा जास्त. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी तीन वर्षांची. बायको म्हणते, "घर कशावर चालवायचं ते सांगा, मग जावा." वडील त्यांच्या काळातले नावाजलेले फॉरवर्ड. ते म्हणाले, "आयुष्यभर बॉल मारून बाहेर काढलास, तू पोरांना काय शिकवणार?" हे फार लागलं. स्टॉपर चांगला कोच होऊ शकतो का? नोकरी सोडू का? आणि अजून एक सीझन खेळायची इच्छा काही केल्या जात नाही, तिचं काय करू?

– एक स्टॉपर, कोल्हापूर

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या गुडघ्यावर पुढचा हंगाम खेळू नका. एकच गुडघा दोनदा गेला आहे, आणि कोच व्हायचं असेल तर तो तुम्हाला अजून तीस वर्षं लागणार आहे. पास मारून दाखवायला, चिखलात सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला, उकिडवं बसून बारक्या पोराच्या बुटाची नाडी बांधायला. दोन पेठांची मॅच आहे, गॅलरी भरली आहे आणि आपण जाळीच्या बाहेर उभे आहोत, हे सोसायला किती जड जातं याची मला कल्पना आहे. वाईट वाटू द्या, ते दाबून ठेवू नका. ऑपरेशन करायचं की नाही हे मात्र खेळांच्या दुखापती रोज बघणाऱ्या सर्जनला विचारून ठरवा. त्यांना प्रश्न असा विचारा: "मला रोज दोन तास मैदानावर मुलांबरोबर धावायचं-वळायचं आहे, त्यासाठी काय करावं लागेल?" "सीझन खेळू शकेन का?" हा प्रश्न आता मागं ठेवा. फिजिओथेरपी शेवटपर्यंत करा. जरा बरं वाटायला लागलं की ती सोडून द्यायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे.

आता वडिलांचं वाक्य. ते रागानं बोलले असतील किंवा काळजीनं, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही.

फॉरवर्ड बऱ्याचदा समोरच्या गोलकडं पाठ करून बॉल घेतो. मागून कोण येतंय ते त्याला अंदाजानं ओळखावं लागतं. स्टॉपरच्या मागं फक्त गोलकीपर, बाकी सगळा खेळ त्याच्यासमोर उघडा. तुम्ही इतकी वर्षं नुसता बॉल मारलेला नाही, तुम्ही बचावाची लाइन चालवली आहे. समोरच्याच्या पायात बॉल आहे, पण त्याच्या अंगावर आपला माणूस आहे आणि त्याची मान खाली आहे: तुम्ही ओरडता "वर!", आणि चौघं चार पावलं पुढं. तोच बॉल मोकळ्या माणसाकडं गेला, त्यानं मान वर केली, की "मागं!" हे एका सेकंदाच्या आत होतं. बॉलवर दाब आहे का, एवढंच त्यात बघायचं असतं. पण ते बघायचं असतं हेच ठाऊक नसलेले पुष्कळ चांगले खेळाडू आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि दुसऱ्याला तोंडानं सांगून त्याच्याकडून करून घ्यायचीही सवय आहे. कोचचं निम्मं काम तेच.

आपल्या देशात फुटबॉलसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सगळ्यात आधी मिळाला तो सय्यद नईमुद्दीन यांना, 1990 मध्ये. हैदराबादचे नईमुद्दीन बचावपटू होते. 1970 च्या बँकॉक एशियाडमध्ये भारतानं ब्राँझ मिळवलं तेव्हा ते कर्णधार होते. 2022 चा विश्वचषक अर्जेंटिनाला जिंकून देणारे लिओनेल स्कालोनी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू. खेळणं थांबल्यावर स्पेनमधल्या मायोर्का बेटावर ते एका छोट्या क्लबच्या लहान मुलांना शिकवत होते. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचे महेश गवळी, डेम्पोचे आणि भारताचे स्टॉपर. 2023 च्या दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत मुख्य कोच इगोर स्टिमाच यांना रेड कार्डमुळं डगआउटमध्ये बसता येत नव्हतं. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर लेबनॉनविरुद्धची सेमीफायनल आणि कुवेतविरुद्धची फायनल, दोन्ही वेळा संघाची सूत्रं गवळींच्या हातात होती. दोन्ही मॅच पेनल्टीवर गेल्या आणि दोन्ही आपण जिंकलो. स्टिमाच स्वतः 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे स्टॉपर. म्हणजे त्या वेळी भारताचा मुख्य कोचही बॅकचा आणि त्याच्या जागी उभा राहिलेलाही बॅकचाच.

हे वडिलांना जरूर सांगा. पण त्यावर स्वतः फार विसंबून राहू नका, कारण याच्या उलटी उदाहरणंही तितकीच आहेत. बॉबी मूर हा इंग्लंडचा 1966 चा विश्वविजेता कर्णधार. त्याच्याइतका हुशार बॅक शोधून सापडणार नाही. पण ऑक्सफर्ड सिटी आणि साउथएंड युनायटेड या छोट्या क्लबांतही कोच म्हणून त्याचा जम बसला नाही. गॅरी नेव्हिल मँचेस्टर युनायटेडचा राइट बॅक, आठ प्रीमियर लीग विजेतेपदं, आणि टीव्हीवर मॅच उलगडून सांगायला लागला की ऐकत राहावं असा. डिसेंबर 2015 मध्ये त्यानं स्पेनच्या व्हॅलेन्सियाचं कोचपद घेतलं. मुख्य कोच म्हणून ते त्याचं पहिलंच काम, आणि स्पॅनिशही धड येत नव्हतं. मार्च संपायच्या आत त्याला काढलं. खेळ दिसणं ही एक गोष्ट झाली. समोरच्या पंचवीस माणसांना तो दिसावा असं काही करणं हा वेगळा धंदा आहे, आणि तो पहिल्यापासून शिकावा लागतो.

या धंद्यात एखादा माणूस कसा तयार होतो ते बघायचं तर युर्गन क्लॉपचं मायन्झमधलं आयुष्य बघा. लिव्हरपूलच्या करंडकांमुळं सगळे त्याला ओळखतात, पण तुमच्या कामाचा भाग त्याच्या फार आधीचा आहे. जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या मायन्झ संघात तो 1990 मध्ये फॉरवर्ड म्हणून आला आणि पुढं राइट बॅक झाला. बॉलवर हुकमत बेताची, पळणं आणि बोलणं मात्र भरपूर. 1995 मध्ये वोल्फगांग फ्रँक नावाचे कोच आले. त्या काळात जर्मनीत बहुतेक संघ मागं एक लिबेरो, म्हणजे सगळ्यांच्या मागं मोकळा राहणारा बचावपटू ठेवायचे आणि बाकीचे बॅक आपापल्या माणसाला चिकटून फिरायचे. फ्रँकनी ते मोडलं. चार बॅक एका ओळीत, प्रत्येकानं माणसाऐवजी जागा राखायची, बॉल सरकला की सगळ्यांनी मिळून सरकायचं. त्यासाठी मैदानावर बॉल न घेता तासन्‌तास नुसतं चालत-थांबत जागा घ्यायचा सराव. वर कोच आरिगो साक्कींच्या इटलीतल्या मिलान संघाच्या मॅचच्या टेप पुन्हा पुन्हा बघायच्या. कंटाळवाणं काम. तळाला गेलेला मायन्झ मात्र त्या जोरावर वर आला. आपल्याहून चांगल्या खेळाडूंना नुसत्या रचनेच्या बळावर हरवता येतं, हे क्लॉपनं तिथं स्वतःच्या पायांनी अनुभवलं. खेळत असतानाच त्यानं फ्रँकफर्ट विद्यापीठातून क्रीडाशास्त्राची पदवीही घेतली.

फेब्रुवारी 2001 मध्ये मायन्झ पुन्हा खाली घसरण्याच्या बेतात होता. क्लबनं कोचला काढलं आणि संघातल्याच 33 वर्षांच्या या राइट बॅकला म्हणाले, आता तू बघ. त्यानं सोबतच्या खेळाडूंना गोळा करून फ्रँकची तीच चौघांची ओळ परत आणली. पहिल्याच मॅचमध्ये ड्यूसबुर्गला 1-0 हरवलं आणि संघ वाचला. पुढच्या दोन्ही हंगामांत बुंडेसलिगा, म्हणजे वरच्या श्रेणीत जायची संधी, अगदी शेवटच्या दिवशी हातातून निसटली, 2004 मध्ये एकदाची मिळाली. लोकांना ही रातोरात झालेली गोष्ट वाटते. मला त्यातली आधीची सहा वर्षं महत्त्वाची वाटतात: एक साधारण खेळाडू, ज्यानं आपल्या कोचचं काम बारकाईनं पाहिलं आणि डोक्यात साठवून ठेवलं.

तुमच्या आयुष्यात असा एखादा कोच होता का? असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडं जा, वही घेऊन. त्यांनी तुम्हाला काय शिकवलं हे तुम्हाला माहीतच आहे. ते तसं आणि त्याच क्रमानं का शिकवलं, ते विचारा.

आता एक धोका सांगतो, जो बॅक खेळलेल्या कोचमध्ये मला हमखास दिसतो. स्टॉपरला आधी संकट दिसतं. खेळाडू म्हणून ते वरदान आहे, पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या कडेला उभं राहिल्यावर तेच डोळे पोरांचं नुकसान करतात. आपल्याच बॉक्ससमोर एखादं पोरगं बॉल पायाखाली घेऊन मान वर करतं, पास शोधतं, आणि कडेवरून आवाज येतो: "काढ! काढ! मार बाहेर!" पोरगं घाबरून बॉल उडवतं. टाळ्या पडतात. हे वर्षभर झालं की ते पोरगं पुन्हा मान वर करत नाही. पुढं मोठ्या अकादमीच्या चाचणीला गेलं की तिथले कोच नेमकं तेच बघतात: दाबाखाली बॉल ठेवतो का, वळतो का, पुढचा पास शोधतो का. आपल्या पोरांच्या ताकदीत कमी नसते, ती इथं अडतात. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला. गुणांची कमतरता नाही आपल्याकडं.

म्हणून पहिले काही महिने स्वतःवर एक नियम घाला. सरावात पोरांच्या पायात बॉल असताना तुम्ही बोलायचं नाही. खेळ थांबला की बोला, आणि तेही विचारून. उदाहरणार्थ, चार विरुद्ध चार खेळ चालू आहे, तुमच्या बॅकनं पास घेतला, पाय एकाच दिशेला, पाठीमागून माणूस आला आणि बॉल गेला. तिथंच शिट्टी वाजवा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा. त्याला विचारा, "बॉल यायच्या आधी मागं बघितलं होतंस का? तिकडं कोण होतं?" तो म्हणेल, नाही. मग तोच पास परत द्या आणि या वेळी त्याला अर्धा वळून, अंग उघडं ठेवून, लांबच्या पायानं बॉल घ्यायला सांगा. एका जागी थांबून केलेली ही दुरुस्ती पोरगं लक्षात ठेवतं. कडेवरून दिलेल्या शंभर आरोळ्या ठेवत नाही. आणि चूक झाली, त्यातून गोल बसला, तरी त्या पोराला पुढच्या मॅचला पुन्हा त्याच जागी उभं करा. यासाठी तुम्हाला कदाचित मंडळातल्या मोठ्यांशी वाद घालावा लागेल, कारण पेठेला पंधरा वर्षांखालचीही मॅच हरलेली चालत नाही. तो वाद घाला. गॅलरीतल्या शिव्या आणि पोर यांच्यामध्ये उभं राहणारा माणूस म्हणजे तुम्ही, हे पोरांच्या आईबापांना पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

वडिलांनाही यात घ्या असं मला मनापासून वाटतं. ते फॉरवर्ड होते ना? आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना मैदानावर बोलवा. बॉक्समध्ये शॉट घेण्याआधी कीपरची जागा कशी बघायची, पहिला टच कुठं टाकायचा, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त येतं, आणि तुमच्या पोरांना ते हवंच आहे.

नोकरीचं उत्तर सरळ आहे: आत्ता सोडू नका. यात तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पूर्णपणे बरोबर वाटतं. डेरिक परेरा यांचं बघा. गोव्याच्या साळगावकर संघाचे भक्कम बचावपटू, नंतर देशातल्या नामवंत कोचांपैकी एक. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली. 2012-13 मध्ये त्यांनी पुणे एफसीला आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. आज महिंद्रा युनायटेड नाही आणि पुणे एफसीही नाही. लीग जिंकलेला क्लबसुद्धा मालकांनी ठरवलं की बंद होतो. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचाच, म्हणजे इंडियन सुपर लीगचाच, पुढचा हंगाम व्यावसायिक करार रखडल्यामुळं लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी कामकाज थांबवलं. ज्यांची नावं पेपरात येतात त्यांचीही ही गत, मग अकादमीतल्या असिस्टंट कोचला किती हमी असणार? तीन वर्षांच्या मुलीला घेऊन निम्म्या पगारावर पुण्यात भाड्यानं राहायचं, तर पहिल्या सहा महिन्यांतच तुम्ही फुटबॉलवर चिडायला लागाल.

शिरोलीची नोकरी ठेवून मंडळाची पोरं घ्या. शिफ्ट बदलून मिळते का ते कंपनीत विचारा, संध्याकाळचे दोन तास मोकळे झाले की पुरे. त्याबरोबर लायसन्सची पायरी चढायला लागा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स पहिलं, मग सी, त्यानंतर आशियाई महासंघाची बी, ए आणि शेवटी प्रो. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये मुख्य कोच व्हायला प्रो लागतं, पण तुमचा आत्ता त्याच्याशी संबंध नाही. डी आणि सी एवढंच बघा. आपल्याकडचे सुरुवातीचे कोर्स राज्य संघटनेमार्फत, म्हणजे विफामार्फत (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) होतात, त्यामुळं केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या कार्यालयात नाव सांगून ठेवा, सूचना आली की कळेल. दोन लायसन्सच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर काम केलेलं असावं लागतं, आणि तिथंच तुमची पंधरा वर्षांखालची पोरं उपयोगी पडतील. प्रत्येक सरावाची वही ठेवा: काय ठरवलं होतं, काय झालं, कोण आलं नाही आणि का. पैसे घेऊन थेट वरचं लायसन्स देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

शाळेत किंवा सरकारी खात्यात क्रीडा प्रशिक्षक व्हायची इच्छा असेल तर तो रस्ता वेगळा आहे. तिथं शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मागितली जाते. तुमचं शिक्षण किती झालंय ते पत्रात नाही, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

घरात एक गोष्ट आत्ताच ठरवून घ्या. खेळाडूचा रविवार मॅचपुरता जातो, कोचचा अख्खा जातो. सकाळी पोरं, दुपारी दुसऱ्या संघाची मॅच बघायला, संध्याकाळी कुणाच्या तरी वडिलांचा फोन. बायकोशी बसून आठवड्यातला एक दिवस पक्का घराचा करा आणि त्या दिवशी फायनल असली तरच अपवाद. त्यांना मैदानावरही घेऊन जा, मुलीसकट. तुम्ही गेली दोन वर्षं दुखण्यातच दिसत आहात त्यांना. पोरांमध्ये उभे असलेले दिसलात तर त्यांचं मत बदलेलच असं नाही, पण त्या ज्याला विरोध करतायत ते नक्की काय आहे हे त्यांना कळेल.

पुण्याच्या अकादमीला एकदम नकार देऊ नका. नम्रपणे लिहा की यंदा जमणार नाही, पण डी लायसन्स झाल्यावर तुमच्याकडं आठवडाभर येऊन काम बघायची इच्छा आहे. बरोबर हेही लेखी विचारून ठेवा: करार किती महिन्यांचा, पावसाळ्यात सराव बंद असताना पगार चालू राहतो का, राहायची सोय कुणाची, आणि पुढच्या लायसन्सची फी व रजा ते देतात का. यातल्या दोन प्रश्नांनाही सरळ उत्तर आलं नाही तर तो विषय तिथंच संपला. आलं, तर ते पत्र आणि तुमचा आत्ताचा पगार असं दोन्ही मला कळवा, मग पुण्याचा विचार पुढच्या वर्षी आकडे समोर ठेवून करू.